दोन बोटांची खूण

बेसबॉल खेळून पोट भरलं असं सांगितलं, की पुण्यातला माणूस आधी माझ्या उंचीकडे बघतो. "म्हणजे ते टोपलीत टाकतात ते?" मी म्हणतो, "नाही, ते बास्केटबॉल." मग तो थोडा विचार करतो आणि विचारतो, "मग आपल्याकडे कशाला?" या प्रश्नाला उभ्या नोकरीत मला उत्तर सापडलं नाही. पगार मात्र दर महिन्याला झाला आणि तो चेंडू फेकण्यासाठीच झाला. मी पिचर होतो.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एका दिवाळी अंकाचे संपादक राहतात. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "अहो, आपण लिहा की. असला धंदा केलेला दुसरा माणूस मला मिळायचा नाही. गमतीजमती लिहा." गमतीजमती आहेत, त्या लिहितो. पण आधी एका अंगठ्याबद्दल लिहायला हवं. माझी सगळी नोकरी त्या अंगठ्यावर उभी राहिली आणि तो अंगठा माझा नव्हता.

खेळ थोडक्यात सांगतो. क्रिकेटमधला बोलर पळत येतो, चेंडूचा टप्पा पडतो, पिचखाली काय दडलंय यावर टीव्हीवर अर्धा तास चर्चा होते. आमच्याकडे टप्पाच नाही. पिचर मातीच्या एका उंचवट्यावर जागच्या जागी उभा राहतो आणि साठेक फुटांवर बसलेल्या कॅचरच्या हातात चेंडू थेट फेकतो. मधे बॅटर उभा असतो. चेंडूला एकशे आठ टाके असतात, जपमाळेच्या मण्यांइतके. पावसानं सामना थांबला की मी ते मोजत बसायचो. त्या टाक्यांवर बोटं कशी ठेवता यावर चेंडू सरळ जाणार, वळून खाली पडणार की रेंगाळणार हे ठरतं.

पण काय टाकायचं ते पिचर एकटा ठरवत नाही. कॅचर उकिडवा बसून दोन मांड्यांच्या मधे, फक्त पिचरला दिसतील अशी बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे सरळ आणि वेगात. दोन म्हणजे वळणारा. तीन म्हणजे हळू. पिचरला पटलं नाही तर त्यानं मान आडवी हलवायची, मग कॅचर दुसरी खूण देतो. पटलं तर मान उभी डोलवायची. एकदा मान डोलावली की तो शब्द झाला. कारण कॅचर त्या चेंडूच्या हिशेबानं आधीच सरकतो. वळणारा चेंडू खाली येतो, म्हणून तो डाव्या हातातलं मिट, म्हणजे जाड चामड्याचा मोजा, खाली नेतो. उजवा हात उघडाच असतो, कारण त्यानं चेंडू फेकायचा असतो. आणि समोरच्या संघाचा एखादा गडी बेसवरून, म्हणजे धाव घेताना थांबायच्या ठरलेल्या जागेवरून, पळायच्या तयारीत असला, तर चेंडू लगेच फेकता यावा म्हणून तो उघडा हातही मोज्याला चिकटवून ठेवावा लागतो. आमचे पेंडसे सर सांगायचे, "बॅटरला पाहिजे तेवढं फसवा. कॅचरला फसवलंत तर मैदानावर येऊ नका." सर गंजीफ्रॉक आणि हाफपँट घालून शिकवायचे, पण बोलायचे कोर्टातल्यासारखं.

मी वर्ध्याचा. तिकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, तिथून मी बेसबॉलला आलो आणि शिकायला म्हणून पुण्याला आलो. पुण्यात नागपूरच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं नागपूरच असतं, पण आमच्या टीमनं निदान मला "वर्धा" अशी हाक मारून गाव बरोबर ठेवलं. ते नाव मिलिंदनं पाडलं. मिलिंद ओव्हाळ आमचा कॅचर. वडील मार्केट यार्डात हमाल, घर यार्डाच्या मागच्या वस्तीत. बुटका, रुंद खांद्यांचा आणि तोंडानं तिखट. मी पहिल्या दिवशी त्याला म्हटलं, "मी लई जोरात टाकतो बरं का, पाहून घेजो." तो म्हणाला, "जोरात रिक्षावालेही चालवतात. वळवता येतो का?"

वळवायला मला त्यानंच शिकवलं. कुठला बॅटर कशाला फसतो हे तो त्याच्या पायांकडे बघून सांगायचा. दोन वर्षं आम्ही जोडीनं खेळलो आणि त्या दोन वर्षांत मी मान आडवी क्वचितच हलवली असेल. त्याची गरजच पडायची नाही.

तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. वर्तमानपत्रात रोज खुलं धोरण, खुली बाजारपेठ असलं काहीतरी असायचं. त्याचा आमच्याशी काही संबंध आहे असं आम्हाला वाटत नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की भोसरीकडच्या एका कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते, ते लोक पिचर आणि कॅचर जोडीनं घेतात आणि यंदा आमचा नंबर आहे. मिलिंदच्या वडिलांची पाठ गेली होती. त्या घराला या नोकरीची किती गरज होती हे मला पुरेपूर माहीत होतं, कारण मी आठवड्यातून चार दिवस तिथंच जेवायचो.

निवड सामन्याच्या दिवशी सकाळी कळलं, की यंदा जागा एकच आहे. "वरून आलंय," असं कारखान्याचे पर्सोनेलचे साहेब म्हणाले. ते जाळीमागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. सर त्यांना समजावून सांगत होते आणि मी पाणी प्यायला गेलो असताना सरांचं एक वाक्य माझ्या कानावर पडलं. "साहेब, खरं सांगू का, हात त्या वर्ध्याच्या पोराचा आहे, पण डोकं सगळं मिलिंदचं."

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं.

शेवटचा डाव होता. तिसऱ्या बेसवर समोरच्या संघाचा गडी होता, धाव पूर्ण करायला टपलेला. बॅटरला वळणारा चेंडू अजिबात कळत नव्हता, दोनदा तो हवेत बॅट फिरवून फसला होता, तिसऱ्यांदा फसला की बाद. मिलिंदनं दोन बोटं दाखवली. अगदी योग्य खूण होती. पण वळणाऱ्या चेंडूवर बॅटर बाद झाला तर साहेबांना त्यात काय दिसणार? त्यांना वेग कळत होता, आधीच्या एका चेंडूला ते "बाप रे" म्हणाले होते. मी खूण पाहिली. मान आडवीही हलवली नाही आणि उभीही नाही. सरळ टाकला. होता नव्हता तेवढा जोर लावून.

बॅटर चुकला. मिलिंदचं मिट खाली होतं. चेंडू छातीवर येतोय हे दिसल्यावर त्यानं दोन्ही हात वर झटकले आणि त्यात उघडा हात आधी पोचला. आवाज झाला तो चामड्याचा नव्हता. चेंडू बाजूला पडला तसा तिसऱ्या बेसवरचा गडी पळत सुटला आणि मिलिंदनं तो चेंडू डाव्या हातातलं मिट झटकून, डाव्याच हातानं उचलला आणि पळत आलेल्या गड्याला लावून त्याला बाद केलं. मग तो खाली बसला. उजवा अंगठा मनगटाच्या बाजूला भलताच वळलेला होता.

सर धावत आले. "खूण काय होती?"

मी तोंड उघडलं नाही. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तो म्हणाला, "माझीच चुकली सर. दोन दाखवायची होती, एकच दाखवलं गेलं. लक्ष नव्हतं."

साहेबांनी मागून विचारलं, "म्हणजे चूक कॅचरची ना?" नोकरी मला मिळाली.

मी पेढे घेऊन मिलिंदच्या घरी गेलो. जायला नको होतं, पण न जाण्याचीही हिंमत नव्हती. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोसमोर मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, आधी एक पेढा ठेवला, मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं झालं बाबा, एकाचं तरी झालं. आमच्या ह्याचं लक्षच नसतं कशात. शाळेपासनं असंच." मग त्यांनी माझ्यासाठी निव्वळ दुधाचा, आलं घातलेला चहा केला. त्या घरात रोज काळा चहा व्हायचा हे मला माहीत होतं. मी तो चहा प्यालो. मिलिंद खिडकीबाहेर बघत होता. एका वाक्याचं काम होतं आणि ते मी केलं नाही.

अंगठा वाकडाच जुळला. चेंडूवर पकड बसेना, त्यामुळे फेक गेली आणि फेक गेल्यावर कॅचर उरत नाही. पुढे तो यार्डात तोलणार म्हणून लागला. शेतकऱ्याच्या मालाचं वजन करणारा माणूस म्हणजे तोलणार. मी एकदा मंडईजवळ त्याला लांबून पाहिलं आणि गर्दीत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलो. त्यानं मला पाहिलं होतं की नाही कोण जाणे.

आता गमतीजमती. कारखान्यात माझं पद "मदतनीस, स्टोअर" असं होतं. सकाळी मैदान, जेवणानंतर स्टोअरमध्ये जाऊन मस्टरवर सही करायची. तिथले कामगार मला "या, फेकूशेठ" म्हणायचे. एकानं मला गंभीरपणे विचारलं होतं, की चेंडू फेकायचा पगार मिळतो तर आणून द्यायचा वेगळा मिळतो का. दरवर्षी आंतरकारखाना स्पर्धा व्हायची, तेव्हा मात्र हेच लोक शिट्ट्या मारायला यायचे.

या काळात मी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध झालो. कुठलाही कॅचर असो, मी त्याची खूण मोडायचो नाही. पटो न पटो, मान उभी. मैदानात नवखा, खूण चुकवणारा कॅचर आला तरी मी तो सांगेल ते टाकायचो. एका अंतिम सामन्यात आमच्या कॅचरनं घाबरून सारखं एकच बोट दाखवलं. समोरच्या बॅटरला सरळ चेंडूच आवडतो हे माझ्यासकट सगळ्यांना दिसत होतं. मी मान डोलावत राहिलो. त्यानं चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला आणि आम्ही हरलो. त्याच वर्षी मला "शिस्तप्रिय खेळाडू" म्हणून ढाल मिळाली. ती आजही हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे कौतुकानं हातात घेतात तेव्हा मी आत पाणी आणायला जातो.

मग ते खुलं धोरण आमच्यापर्यंत पोचलं. कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्यानं खेळ विभाग म्हणजे काय असं विचारलं आणि उत्तर ऐकून बंद केला. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिला स्वेच्छा का म्हणतात हे घेणाऱ्यालाच कळतं. पण नशीब बलवत्तर. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथल्या एका कंपनीला कर्मचाऱ्यांना खेळवणारा माणूस हवा होता. गळ्यात ओळखपत्र अडकवून मी वयाच्या चाळिशीत पुन्हा नोकरीला लागलो. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेल्या पोरांना मी चेंडू झेलायला शिकवायचो. "सर, हे टोटली स्ट्रेसबस्टर आहे," असं ती म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतोय म्हणून यायची नाहीत.

तिथं अमेरिकेहून एक क्लायंट आला. गोरा, अवाढव्य, हसरा. इथं एक बेसबॉलचा पिचर आहे म्हटल्यावर तो लहान मुलासारखा हरखला आणि बॅट हवी म्हणाला. तन्मय म्हणून आमचा मॅनेजर होता, त्यानं मला बाजूला घेतलं. "सर, एक रिक्वेस्ट आहे. क्लायंटला आउट नाही करायचं हां. त्याला मारू द्या. नेक्स्ट वीक कॉन्ट्रॅक्टचं रिन्युअल आहे." पार्किंगमागच्या मोकळ्या जागेत अख्खी कंपनी जमली. मी त्या माणसाला एकामागून एक लाडूसारखे चेंडू दिले आणि तो ते टोलवत राहिला. शेवटी तो धापा टाकत माझ्याजवळ आला आणि हात हातात घेऊन इंग्रजीत म्हणाला, "मित्रा, एक तरी खरा टाकायचास." त्याला सगळं कळलं होतं. तन्मय टाळ्या वाजवत होता.

त्या संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून घरी येताना हिशेब मांडला. तन्मयनं सांगितलं म्हणून मी पन्नास चेंडू त्याच्या मनासारखे टाकले. मिलिंदनं सांगितलेला एक टाकला नाही. मला माझी इतकी लाज वाटली, की उतरायचा थांबा मागे पडला.

तरीही मी गेलो नाही. निवृत्त होईपर्यंत नाही. आणि आता या अंकासाठी इथवर लिहून झालं, तेव्हा वाटलं की छापून येण्याआधी मिलिंदनं वाचायला हवं. कागद घेतले आणि मार्केट यार्डात गेलो. भुसार विभागात विचारलं तर चौघांनी एकदम हात केला. "तोलणार ओव्हाळ ना? त्या काट्यापाशी बघा."

केस पांढरे झालेत, खांदे तसेच. मला बघून तो म्हणाला, "काय वर्धा, इकडे कुठं? रस्ता चुकलास?"

"तुझ्यावर लिहिलंय," मी म्हटलं. "छापायला द्यायच्या आधी वाचून घे म्हटलं."

तो पोत्यावर बसला, चष्मा लावला आणि सगळं वाचलं. वाचताना कागद त्यानं तर्जनी आणि मधल्या बोटात धरले होते. अंगठा नुसता बाजूला होता. क्लायंटच्या ठिकाणी तो हसला. मग मागची पानं उलटून एका जागी बोट ठेवलं.

"हे वाक्य चूक आहे."

मी पाहिलं, तिथं लिहिलं होतं: मान आडवीही हलवली नाही आणि उभीही नाही.

"मान डोलावली होतीस तू," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी दोन दाखवली, तू मान डोलावलीस. म्हणून मी मिट खाली नेलं. नुसता उभा राहिला असतास तर मी वाट पाहिली असती की. मला काय घाई होती?"

मला सांगायचं होतं, की इतक्या वर्षांत मलाच तसं आठवायला लागलं होतं. पण ते खरं नव्हतं. लिहिताना हात त्या वाक्यापाशी थांबला होता आणि मी तो पुढे ढकलला होता. कबुली द्यायला बसलो आणि तिच्यातही थोडी काटछाट केली. वरचं ते वाक्य मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. वाचणाऱ्यांना माझा स्वभाव कळू दे.

"हो," मी म्हटलं. "डोलावली होती. तू खोटं का बोललास तेव्हा?"

"दोघांनी घरी बसून काय केलं असतं? पिचर खूण मोडतो म्हटल्यावर तुलाही घेतलं नसतं त्यांनी. माझा हात तर गेलाच होता." त्यानं कागद घडी करून मला दिले. "वाटलं होतं, जागेवर बसलास की महिन्या-दोन महिन्यांत येशील आणि आईला सांगशील. तेवढंच."

"मावशी आहेत?"

"आहेत म्हणजे? परवा हातातून कप पडला माझ्या, तर म्हणाली, तुझं लक्षच नसतं. नातवंडांना पण तेच सांगते. तुमच्या बापाचं लक्ष नव्हतं, म्हणून कंपनीची नोकरी गेली." तो उठला आणि काट्यावर ताडपत्री टाकली. "चल. पण ऐकायला कमी येतं तिला. मोठ्यानं बोलावं लागेल."

घर त्याच जागी होतं, आता वर एक मजला चढला होता. मावशी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं. "वर्ध्याचा ना तू? केवढा म्हातारा झालास!" मी त्यांच्या पायाशी बसून सांगायला सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हणतोय हा?" मिलिंदनं काही सांगितलं नाही. तो चपला काढून भिंतीला टेकून उभा राहिला.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. समोरच्या नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या, वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. "मावशी, मिलिंदची चूक नव्हती! त्यानं बरोबर सांगितलं होतं! मी हो म्हणालो आणि दुसराच चेंडू टाकला! अंगठा माझ्यामुळं मोडला! नोकरी त्याची होती!"

मावशींनी कानामागचा हात खाली घेतला. त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं माझ्याकडे, पण तो मिलिंदसाठी होता. तो जवळ आला. त्यांनी त्याचा उजवा पंजा मांडीवर घेतला आणि वाकडा अंगठा दोन्ही हातांत धरला.

"आणि मी तुला बोलत आले रे," त्या म्हणाल्या.

"असू दे. सवय झाली," मिलिंद म्हणाला. पण हात त्यानं काढून घेतला नाही.

मी बराच वेळ तिथं बसून होतो. मावशींनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. शेवटी उठलो, येतो म्हणालो. या घरातून मी कधीच काही न घेता गेलो नव्हतो, पण त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही. मला ते बरोबर वाटलं.